बुधवारवाड्याची राख

पुण्याच्या बुधवार पेठेंतून रोज हजारों माणसें जातात. परंतु येथें दुसऱ्या बाजीरावाचा एक प्रशस्त वाडा होता, याची आठवण थोड्यांनाच असेल. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि वाडा इंग्रजांच्या हातीं गेला. जेथें मानकऱ्यांचे मुजरे झडत, तेथें कारकुनांचे टांक कुरकुरूं लागले. १८४८ सालीं पुणेकरांचें पहिलें सार्वजनिक ग्रंथालयही याच वाड्यांत सुरू झालें.

ता. १३ मे १८७९ च्या रात्रीं वाड्यानें पेट घेतला. विश्रामबागवाड्यालाही त्याच रात्रीं आग लागली. तो मात्र पुढें सावरला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस. तेव्हां संशय बंडखोरांवर आणि शहरांतील सुशिक्षितांवर गेला. न्यायमूर्ति रानड्यांचीही त्याच वर्षीं धुळ्यास बदली झाली. अखेर निष्पन्न काय झालें? वाड्यांतील सरकारी पुस्तकांच्या कोठारांत अफरातफर झाली होती, आणि ती झांकण्यासाठीं तेथल्याच नोकरानें काडी लावली होती!

राज्य गेलें तरी जो वाडा टिकला, तो हिशेबाच्या वहीमुळें जळाला. वाडा पुन्हां उभा राहिला नाहीं. पण खरें कळण्यापूर्वींच दोष कोणाच्या माथीं मारूं नये, एवढें त्याची राख सांगून गेली.