हेडफोनमधील तटस्थ ध्वनीची संकल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : हेडफोन, तटस्थ ध्वनी, मापन, श्रवण, तंबोरा, जवारी

प्रस्तावना :
मूळ ध्वनीत स्वतःची भर न घालता व त्यातील काही न वगळता तो कानापर्यंत पोचविणारा हेडफोन तटस्थ मानला जातो. व्याख्या सोपी असली तरी निवाडा अवघड आहे. मूळ ध्वनी कोणता आणि तो कोणाच्या कानाने ठरवावयाचा, हे दोन प्रश्न त्यात अंतर्भूत आहेत. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यास अभिजात संगीताचा परिचय मुख्यतः ध्वनिमुद्रणातून होण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी हेडफोनने चढविलेला रंग तो गायकाचाच समजण्याचा धोका संभवतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ खरेदीचा न राहता संगीतशिक्षणाचा ठरतो.

उद्दिष्टे :
1. तटस्थ ध्वनीच्या निकषांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
2. मापन व श्रवण यांचा परस्परसंबंध तपासणे.

1. संदेशाकडून संगीताकडे :
सन 1910 च्या सुमारास नॅथनिएल बाल्डविन यांनी अमेरिकेच्या नौदलास हेडफोन पुरविले. बिनतारी संदेशाचे क्षीण ध्वनी ऐकू यावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. स्फटिक रेडिओसंचात ध्वनिवर्धनाची सोय नसल्याने त्याच्या श्रोत्यांना हेडफोन लावूनच कार्यक्रम ऐकावा लागे. केंद्राची क्षमता अवघी दीड किलोवॅट होती. त्यामुळे अशा संचाचा उपयोग मुंबई व आसपासच्या श्रोत्यांपुरताच होता. तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेला लोहारा परिसर त्या कक्षेपासून फार दूर होता. या काळात ‘आवाज स्पष्ट येतो का’ हीच कसोटी होती. 1937 मधील बायर कंपनीचा डीटी 48 आणि 1958 मधील जॉन कॉस यांचा स्टिरिओ हेडफोन यांच्यानंतर संगीताच्या यथार्थतेचा प्रश्न ठळक झाला.

2. मापन आणि कान : महाराष्ट्रातील पूर्वानुभव :
ध्वनीचे मोजमाप श्रेष्ठ की तयार कान श्रेष्ठ, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या आधारे श्रुतींचे मापन करून 1910 मध्ये बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी हे कार्य पुढे नेले व त्यातून श्रुती-हार्मोनियम तयार झाले. मात्र 1916 च्या बडोदा येथील संगीत परिषदेत त्यास विद्वानांची मान्यता मिळाली नाही. संख्येने मांडलेला निकष जाणत्या कानांनी स्वीकारल्याखेरीज प्रमाण होत नाही, हा या प्रसंगाचा बोध होय.

3. तटस्थतेचे बदलते निकष :
कान सर्व कंप्रतांना सारखा प्रतिसाद देत नाही आणि हा प्रतिसाद आवाजाच्या पातळीनुसार बदलतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी 1933 मध्ये दाखविले. शिवाय बाहेरून येणाऱ्या ध्वनीला डोके, कानाची पाळी व कर्णनलिका आकार देतात. सुमारे 3000 हर्ट्झजवळ तो विशेष वाढतो. हेडफोन हा मार्ग बराचसा टाळत असल्याने मापनयंत्रावर सरळ रेषा देणारा हेडफोन कानास तटस्थ वाटत नाही.

मग संदर्भ कोणता घ्यावयाचा? आरंभी प्रतिध्वनीरहित खोलीत समोर ठेवलेला ध्वनिक्षेपक हा आदर्श होता. 1980 च्या दशकात गुंथर थाइले यांनी सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात येणाऱ्या ध्वनीचा पुरस्कार केला आणि 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने स्टुडिओतील हेडफोनसाठी तो शिफारसीत स्वीकारला. पुढे हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व सहकाऱ्यांच्या 2013 मधील श्रवणचाचण्यांत श्रोत्यांची पसंती चांगल्या खोलीतील चांगल्या ध्वनिक्षेपकासारख्या, म्हणजे किंचित अधिक खर्ज असलेल्या ध्वनीला मिळाली. यावरून तटस्थता ही निसर्गदत्त रेषा नसून मापन व श्रवण यांतून साकारलेली सहमती आहे, हे स्पष्ट होते.

4. निवाड्याची पद्धत :
तुलना करताना दोन्ही हेडफोनचा आवाज समान पातळीवर असावा, अन्यथा मोठा आवाजच चांगला भासतो. कंपनीचे नाव व किंमत श्रोत्यास ठाऊक नसावी. गादी कानावर नीट बसलेली असावी. फट राहिल्यास खर्ज गळतो. ध्वनिमुद्रणासही स्वतःचा रंग असतो, म्हणून अनेक मुद्रणे ऐकावीत.

याकामी मिरजेचा तंबोरा उत्तम कसोटी ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झालेल्या या कारागिरीस 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. घोडीवर तारेखाली सरकविलेल्या दोऱ्यामुळे जवारी खुलते व स्वराचे अनेक उपस्वर एकाच वेळी ऐकू येतात. हेडफोनमध्ये खर्ज अधिक असल्यास जवारी झाकोळते. वरच्या कंप्रता अधिक असल्यास तिचा धातूसारखा झणझणाट होतो. लोहारा परिसरातील श्रोत्यास गोंधळातील संबळ व भजनातील पखवाज हेही परिचित संदर्भ उपलब्ध आहेत. अर्थात त्यासाठी ही वाद्ये आधी प्रत्यक्ष ऐकलेली असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
1. तटस्थ ध्वनीचा निकष कालपरत्वे बदलत आला आहे.
2. मापनाशिवाय निवाडा व्यक्तिनिष्ठ ठरतो, तर श्रवणाशिवाय तो अपुरा राहतो.
3. निकष बदलते असले तरी ते मनमानी नाहीत. प्रत्येक नव्या निकषाने आधीच्याची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला.
4. संगीताच्या विद्यार्थ्याने हेडफोन पारखण्यापूर्वी प्रत्यक्ष वाद्य ऐकून कान तयार करणे अगत्याचे आहे; महागडा हेडफोन त्याची जागा घेऊ शकत नाही.