उत्तर आलेच नाही तर?

आरपीसी, म्हणजे रिमोट प्रोसीजर कॉल, शिकायला चांगला दस्तऐवज कोणता, हा आजचा प्रश्न. उत्तर या तंत्राच्या इतिहासातच आहे.

कल्पना साधी. दूरच्या यंत्रावरचे काम आपल्या प्रोग्रॅमने असे करवून घ्यायचे, जणू ते घरचेच फंक्शन आहे. अमेरिकेत ब्रूस नेल्सन यांनी 1981 मध्ये यावर प्रबंध लिहिला. 1984 मध्ये त्यांचा आणि अँड्र्यू बिरेल यांचा निबंध आला. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ही यंत्रणा त्यांनी प्रत्यक्ष उभारली होती, म्हणून खरा प्रश्न त्यांनी टाळला नाही: उत्तर आलेच नाही तर?

फौजेत वायरलेसवरून हुकूम जातो, पोच येत नाही. हुकूम पोहोचला नाही, की अंमल होऊन पोच वाटेत हरवली? पुन्हा पाठवावा, तर काम दोनदा होण्याची भीती. बिरेल आणि नेल्सन स्पष्ट सांगतात: उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले, बिघाड कळवला गेला तर एकदा झाले असेल किंवा मुळीच नाही.

पुढे सन मायक्रोसिस्टिम्सची आरपीसी आली. जून 1988 चा आरएफसी 1057 हा तिचा दस्तऐवज. प्रोग्रॅम, आवृत्ती आणि प्रोसीजर यांचे क्रमांक, संदेशाची मांडणी, सारे त्यात आहे. पण हमी वेगळी. यूडीपीवर पुन्हा पुन्हा पाठवूनही उत्तर नसेल, तर काम एकदाही झाले नसेल किंवा अनेकदा झाले असेल. खात्यातून पैसे वजा करायचे असतील, तर हा फरक महागात पडतो. नाव एकच, हमी दोन. म्हणून आपली यंत्रणा कोणती हे आधी पाहा आणि तिचाच कागद वाचा.

आणि कागदावर थांबू नका. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांनी पोर्तुगालला माणसे पाठवून ला हीर यांची ग्रहकोष्टके मिळवली. स्वतःच्या वेधांशी ताडली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला. कोष्टके युरोपची म्हणून त्यांनी डोळे मिटून मानली नाहीत.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी 1984 चा निबंध. सनची आरपीसी वापरत असाल तर मग तिचा 2009 चा आरएफसी 5531. शेवटी एक छोटा सर्व्हर लिहा आणि कॉल चालू असताना तो मध्येच बंद करा. काम किती वेळा झाले, ते स्वतः मोजा.

जय हिंद.