देवबाग-तारकर्ली

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील एकमेकांना लागून असलेली दोन किनारी गावे. मालवण शहराच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली लागते. तिथून रस्ता देवबागेत जातो आणि तिथेच संपतो, कारण पुढे जमीनच उरत नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. काही घरांच्या पुढल्या दारी लाटा फुटतात, तर मागीलदारी खाडीत होडी बांधलेली असते. टोकाला नदी समुद्राला मिळते. संगमापलीकडे वेंगुर्ले तालुक्यातले भोगवे.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास सुरूच्या बनात आहे. स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी महामंडळाची संस्थाही इथेच आहे. पण हा किनारा कळायला हवा असेल, तर उतरावे न्याहारी निवासात, म्हणजे गावकऱ्यांच्या राहत्या घरातल्या खोल्यांत. जांभ्या चिऱ्याचे घर, पुढे खळे, सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारच्या जेवणात बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले असेल की सुरमई, हे त्या दिवशी बाजारात काय आले त्यावर ठरते. हॉटेलच्या छापील मेनूपेक्षा हे केव्हाही चांगले.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेली मासेमारी, पाहायची तर किनाऱ्यालगतची खोली सोयीची. होडीतून पाण्यात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात. मग त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून दोन तुकड्या ओढू लागतात. पाय वाळूत रुतवून, पाठ मागे झोकून, ताल धरून हे काम बराच वेळ चालते. जाळे जवळ येते तसे पाणी चमकू लागते, घारी आणि बगळे गोळा होतात. मिळालेल्या मासळीचे रापण ओढणाऱ्या माणसांत वाटे पडतात. पाहुण्यानेही दोराला हात लावावा. कोणी नाही म्हणत नाही.

दिवाळीची सुट्टी, डिसेंबरअखेर आणि मे महिना हे गर्दीचे दिवस. मसुऱ्याच्या आंगणेवाडीतल्या भराडी देवीच्या जत्रेतही मालवण परिसरात खोली मिळणे मुश्कील होते, आणि त्या जत्रेची तारीख पंचांगाने नव्हे, देवीच्या कौलाने ठरते.

मालवणच्या बंदरातून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येते. 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू झाले. तटाच्या आत शिवराजेश्वर मंदिर आहे आणि चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. किल्ल्याभोवतालचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. इथली प्रवाळे पाहावीत. त्यांवर पाय देऊ नये, तुकडा तोडू नये.

देवबागेची किनार मात्र दर पावसाळ्यात झिजते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याला जबर तडाखा दिला. दगडी बंधारे घातले तरी समुद्र वाळू ओढून नेतोच, म्हणून अगदी पाण्याला खेटून नव्या खोल्या उभारणे गावाच्या हिताचे नाही. पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याची होडीवाहतूक बंद असते.

कोकण रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्थानक सोयीचे. चिपी येथील विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला.