शिरपूरचे गाव आणि जिल्ह्याची कचेरी

शिरपूर जैन हे नाव उच्चारताच अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिराचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या तीर्थक्षेत्राच्या इतिहासाला आणखी एक, काहीसे रूक्ष पण बोधप्रद असे अंग आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही. त्याच्यावर हुकूम चालविणारी जिल्ह्याची कचेरी मात्र दोनदा हलली. १९०५ पर्यंत ती वाशीमला होती, मग अकोल्यास गेली आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशीमला आली. कचेरी जवळ आली म्हणजे सत्ताही जवळ आली काय? वऱ्हाडच्या कारभाराचा इतिहास चाळला असता या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ असे देता येत नाही.

जुन्या काळी गावाचा मुलकी कारभार पाटील-पटवाऱ्यांच्या आणि परगण्याचा देशमुख-देशपांड्यांच्या हाती असे. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी सुरू झाली. सरकारचा संबंध थेट खातेदाराशी जडल्यावर देशमुख-देशपांड्यांना वसुलीचे काम उरले नाही. पाटील-पटवारी मात्र राहिले. त्यांच्यासाठी १९०० साली स्वतंत्र कायदाही झाला. या वतनदार नोकरांचा गुण असा, की शिवारातला बांध न् बांध त्यांच्या ओळखीचा असे. दोष असा, की अधिकार जन्माने मिळत असल्यामुळे त्यांना जाब विचारण्याचे साधन रयतेपाशी नव्हते. पाटील वरच्या साहेबास जबाबदार, साहेब त्याहून वरच्यास. गावास जबाबदार असा कोणीच नव्हता.

१८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव केला. लोकांनी आपला कारभार आपण चालवून राजकीय शिक्षण घ्यावे, हा त्याचा हेतू होता. त्याला अनुसरून वऱ्हाडात १८८५ चा ग्रामीण बोर्डांचा कायदा आला. पण रस्ते, शाळा, दवाखाने यांपलीकडे या बोर्डांचा हात पोचत नसे आणि त्यांची थैलीही लहानच असे. लोकमताला तेव्हा किती वजन होते, हे १९०५ च्या फेररचनेवरून दिसते. वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. वाशीम जिल्हा मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले, आणि पुसद यवतमाळकडे गेला. कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या या नकाशाने शिरपूरच्या कुणब्याला मात्र जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची वाट धरावी लागली.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने एक धाडसी प्रयोग केला. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये जनपद सभांची योजना अमलात आली. जिल्हा कौन्सिलांच्या जागी तालुका हाच स्वराज्याचा घटक ठरला. कल्पना उदात्त होती. तथापि मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारचाच राहिला आणि उत्पन्नाची साधने तुटपुंजी राहिली. कामे सोपविली गेली, परंतु ती पार पाडणारी माणसे व पैसा त्या प्रमाणात सोपविला गेला नाही.

पुढे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली पंचायत राज्याची त्रिस्तरी योजना मांडली, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौर येथे तिचा आरंभ झाला. मेहता समितीचा भर गटावर होता. महाराष्ट्राने मात्र निराळा मार्ग धरला. १९६० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे एके काळी वाशीम जिल्ह्यातच असलेल्या मुलखाचे. त्यांच्या समितीने जिल्हा हा मुख्य घटक मानला. कुशल अभियंते, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ यांचा भार लहानशा गटाला पेलणार नाही, जिल्ह्याला पेलेल, असा त्यामागील विचार होता. जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेबाहेर ठेवावे, अशीही तिची शिफारस होती. १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामास लागल्या.

या सुधारणेचे खरे मर्म नोकरवर्गाच्या रचनेत आहे. शाळांचे गुरुजी, आरोग्यसेवक, बांधकामाचे कारकून असे हजारो सेवक परिषदांच्या हाताखाली आले आणि ‘जिल्हा सेवा’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. त्याच सुमारास, १९६२ च्या कायद्याने, पिढीजात मुलकी पाटीलकी रद्द झाली. जन्माने मिळणारा अधिकार जाऊन नेमणुकीने मिळणारा अधिकार आला, हे पाऊल लहान नव्हे.

परंतु नेमणूक कोणाची आणि जबाबदारी कोणाशी, हा प्रश्न शिल्लकच राहिला. मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार पाठवी. दोनतृतीयांश सदस्यांनी ठराव केल्यास त्यास परत बोलावण्याची तरतूद कायद्यात होती. पण त्याची बढती व बदली मुंबईच्या हाती. वरिष्ठ अधिकाऱ्याने कोणाच्या मुद्रेकडे पाहून काम करावे, हे यावरून सहज कळते. पैशाचा मोठा भाग सरकारी अनुदानाचा असल्यामुळे खर्चाची दिशाही बहुधा वरूनच ठरे.

२४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी निवडणुकीचे बंधन घातले. तरीदेखील २०२२ मध्ये राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तेव्हा आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि लोकनियुक्त सदस्यांच्या खुर्चीवर प्रशासक बसले. कचेऱ्या रोजच्याप्रमाणे उघडत होत्या, कागद सरकत होते. उणीव होती ती केवळ त्या कागदांबद्दल जाब देणाऱ्या लोकप्रतिनिधीची. ही उणीव फारशी कोणास खुपली नाही, हेच चिंतेचे कारण होय.

शिरपूरच्या शेतकऱ्यास वाशीमची कचेरी अकोल्यापेक्षा जवळ आहे, यात शंका नाही. त्याचे भाडे व दिवस वाचतो, हा लाभही खराच. परंतु गावचा दवाखाना बंद का, शाळेत शिक्षक का नाही, असे ग्रामसभेत विचारले असता ज्याने उत्तर द्यावयाचे त्याला ते देणे भाग पडले, तरच कारभार गावी आला असे म्हणता येईल. अन्यथा वतनदार पाटील गेला आणि बदलीवर आलेला अधिकारी आला, एवढाच काय तो फरक पडावयाचा.