सोन्याच्या वाटेवरील अक्षरे

जामबागेत वाढलेल्या आमच्या पिढीस रायचूर कधी परके वाटले नाही. गुलबर्गा सुभ्यातील हा जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी म्हैसूर राज्यात गेला, तरी वडीलधारी मंडळी घरच्या माणसाची बदली झाल्यागत त्याची चौकशी करीत. 'आपल्या हट्टीचे सोने' हे त्यांचेच शब्द. निवृत्तीनंतर आम्ही चौघे स्नेही तिकडे निघालो ते चालू खाण पाहावयास नव्हे, तर त्या पट्ट्यातील सोडून दिलेली प्राचीन विवरे पाहावयास.

डांबरी रस्ता सोडला आणि थोड्याच वेळात पायवाटही संपली. काळ्या रानातून, पुढे बाभळीच्या काट्यांतून आम्ही कोसभर चाललो. गारगोटीच्या पांढऱ्या चुऱ्याचे ढीग दिसू लागले, तोच एका धनगराने दुरून ओरडून आम्हांस थांबविले. त्याची कन्नड आमच्यापैकी एकासच कळली. दहा पावलांवर गवताखाली विवराचे तोंड उघडे होते. त्याची एक मेंढी त्यात गेली होती. आम्ही टाकलेला खडा बराच वेळ वाजत राहिला.

हट्टीस अशी प्राचीन कामे सुमारे 640 फूट खोल गेलेली आढळली. आतील लाकडाचे वय कार्बन-14 पद्धतीने सुमारे दोन हजार वर्षे निघाले. सुरुंग नव्हते, पंप नव्हते. लाकडे पेटवून खडक तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, गारगोटी वर आणून दळायची आणि पाण्याने धुवून सोन्याचे कण वेगळे करायचे. ढिगांजवळच्या खडकांत दळणाचे खळगे आम्ही पाहिले. घरच्या उखळासारखे गुळगुळीत!

निजामी अमदानीत 1886 साली हैदराबाद डेक्कन कंपनीस खाणकामाचे हक्क मिळाले. तिच्या समभागांच्या व्यवहाराची चौकशी पार्लमेंटपर्यंत गेली. (सरकारी दफ्तरात हयात घालविलेल्या आम्हांस त्याचे नवल नाही.) हट्टीची आधुनिक खाण 1902 च्या सुमारास सुरू झाली, 1920 च्या सुमारास बंद पडली आणि 1947 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनीने पुन्हा चालविली. नव्यांनी माग काढला तो जुन्या विवरांवरूनच.

या शोधातील मोठा लाभ मात्र सोन्याचा नव्हे. जानेवारी 1915 मध्ये निजाम सरकारच्या सेवेतील खाण अभियंता बीडन हे असेच वाट सोडून मस्कीच्या डोंगरावर सोने धुंडीत असता त्यांस शिळेवर अक्षरे दिसली. 'पियदसि' म्हणजे अशोक, हे 1837 पासून विद्वान सिंहली बखरींच्या आधारे मानीत. या लेखात 'असोक' हे नावच प्रथम सापडले. एच. कृष्णशास्त्रींनी तो त्याच वर्षी हैदराबादच्या पुरातत्त्व मालेत प्रसिद्ध केला. राजाचे नाव असे उजेडात आले. खळगे झिजविणाऱ्यांचे एकही नाव कोणत्याही शिळेवर नाही. 'आपल्या' सोन्याच्या गोष्टी सांगताना आम्हीही त्यांची कधी विचारपूस केली नव्हती.

परतताना पाहिले, तो धनगर बाभळीच्या फांद्या ओढून विवराभोवती कुंपण घालीत होता. आमच्यातील दोघे हात लावावयास मागे वळले.