गोमंतकाचं पहिलं मत

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्यायचं म्हणजे आधी अर्ज करायचा, काही वर्षं थांबायचं, शपथ घ्यायची आणि मग कधीतरी मतदार यादीत नाव यायचं, असं आपण धरून चालतो. गोव्यात यातलं काहीच झालं नाही. १९ डिसेंबर १९६१ला गव्हर्नर जनरल वसालो इ सिल्व्हा यांनी शरणागती दिली, आणि २० डिसेंबरपासून तिथली माणसं भारतीय नागरिक मानली गेली. तसं ‘मानलं गेलं’ हे मात्र कळलं तीन महिन्यांनी, २८ मार्च १९६२च्या आदेशानं.

हा आदेश जेमतेम काही ओळींचा आहे, पण आम्हांला तो फार महत्त्वाचा वाटतो. २० डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणी एक तिथं जन्मलं होतं असा माणूस, त्या दिवसापासून भारतीय. ज्याला आपलं जुनं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल त्यानं महिन्याभरात तसं लेखी कळवावं. म्हणजे बघा, बोलायचं ते नकार देणाऱ्यानं. जो गप्प राहिला तो भारतीय झाला.

लेखी नकार देणाऱ्यांत रेव्हरंड मोन्सिन्योर सेबास्तियांव रेमेदियुस मोंतेरू हे धर्मगुरू होते. जन्म गोव्यातला, राहणं गोव्यातलं, पण कागदावर आता ते परदेशी. राहण्याचा परवाना नोव्हेंबर १९६४मध्ये संपला, ते गेले नाहीत, खटला झाला, तीस दिवसांची कैद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना जिनिव्हा करारांचं संरक्षण असतं, हा त्यांचा मुद्दा. प्रदेश भारतात सामील झाला तेव्हाच ‘व्याप्त’ स्थिती संपली, असं न्यायालयानं १९६९मध्ये सांगितलं आणि अपील फेटाळलं. कायद्याच्या दृष्टीनं निकाल सरळ आहे. तरी जिथं जन्मलो तिथंच राहायला परवाना लागावा, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानं सहज ओलांडून पुढं जाऊ नये.

आता मताकडे येऊ. गोव्याला निवडणूक अगदीच अनोळखी होती असं नाही. लिस्बनच्या संसदेत १८२२पासून गोव्याचे प्रतिनिधी निवडून जात. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हे त्यांतले पहिल्या फळीतले. पण मत कुणाला? साक्षरता, कर, उत्पन्न अशा एकेक चाळण्या लावत गेलं की वर उरायचा तो मूठभर वर्ग. पुढं सालाझारच्या राजवटीत तर मत असून काय नि नसून काय, अशीच गत. भाटकाराच्या जमिनीत खोप बांधून राहणाऱ्या मुंडकाराला किंवा शेत कसणाऱ्या कुळाला कुणी काही विचारावं, असा प्रसंगच आला नव्हता.

तो आला १९६२च्या ऑक्टोबरात, ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत. प्रौढ मताधिकार, वयाची अट एकवीस, बाकी काही नाही. आणि त्यानंतर ९ डिसेंबर १९६३, विधानसभा.

दिल्लीतल्या काँग्रेसचा हिशेब साधा होता. गोवा मुक्त केला आम्ही, नागरिकत्व दिलं आम्ही, तेव्हा मतंही आम्हांलाच. गोव्यातल्या अठ्ठावीस जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही! दमणची तेवढी एक पदरात पडली. सोळा जागा सिंह चिन्हाच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला आणि मित्रांना, बारा हाताचा पंजा घेतलेल्या युनायटेड गोअन्स पक्षाला. पहिला महाराष्ट्रात विलीन व्हायला निघालेला, डॉ. जॅक सिक्वेरांचा दुसरा त्याच्या पूर्ण विरोधात. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः निवडणुकीला उभेही नव्हते, नंतर पोटनिवडणुकीत निवडून आले.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, याचा अर्थ लगेच लावला गेला: मगो जिंकला, म्हणजे गोव्याला विलीनीकरण हवं आहे. शिवाय हिंदू इकडे आणि ख्रिस्ती तिकडे, अशी सोपी वाटणीही झाली. त्या वाटणीत तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. पण याच निवडणुकीत मगोच्या बाजूनं पणजीतून लोकसभेवर गेले ते पीटर आल्वारिस! आणि बहुजन समाजाचं बरंचसं मत शाळेसाठी, कुळाच्या हक्कासाठी, भाटकाराविरुद्ध होतं. १९६४चा कूळ कायदा त्यातूनच आला. या लोकांनी मुंबईला जोडून घ्या असं म्हटलं होतं का, हे वेगळं विचारायला हवं होतं.

ते विचारलं गेलं १६ जानेवारी १९६७ला. जनमत कौल. त्यासाठी बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. गंमत अशी की दोन्ही बाजूंचा जोरदार प्रचार मराठीतून चालला: ‘गोमन्तक’ विलीनीकरणासाठी झुंजत होता, तर ‘राष्ट्रमत’ त्याच्याविरुद्ध, तोही मराठीतूनच. आपल्याकडे हे फारसं सांगितलं जात नाही. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१चा.

हा निकाल म्हणजे मराठीचा पराभव, असं त्या काळी अनेकांनी मनाला लावून घेतलं. आम्हांला ते वाचन चुकीचं वाटतं, आणि त्याचं कारण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत आहे. मार्च १९६७मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी पुन्हा मगोला बहुमत दिलं, पुन्हा बांदोडकर मुख्यमंत्री. ज्यांचा मुख्य आग्रह जानेवारीत नाकारला त्यांनाच मार्चमध्ये सत्ता दिली. पक्ष वेगळा, प्रश्न वेगळा, हे ओळखायला मुरलेल्या मतदारालाही जड जातं. इथं तर मताची ओळख होऊन पाच वर्षंही झाली नव्हती.

एक मोठा गट मात्र या कौलात नव्हता. नोकरीधंद्यासाठी बाहेर राहणारे गोवेकर, त्यातही मुंबईतले. गिरगाव-धोबीतलावच्या कुडांत राहून बोटींवर, हॉटेलांत काम करणारी ही माणसं. त्यांनाही मत द्या, अशी सिक्वेरांच्या बाजूची मागणी होती. ती मान्य झाली नाही, मत राहिलं ते गोव्यात राहणाऱ्यांपुरतंच. आजी गोव्यात जन्मली एवढ्यावर १९६२च्या आदेशानं ज्यांना भारतीय केलं होतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आपल्या गावाचं काय झालं ते मुंबईत बसून वर्तमानपत्रात वाचलं.