स्त्रियांचे केस गळणे: तेल बदलण्याआधी काय तपासावे

ताप, कंबरदुखी, अंगावर पांढरे जाणे असे सगळे सांगून झाल्यावर बाई उठता उठता म्हणते, "आणि केस लय गळून राह्यले जी." सोबत आलेली सासू किंवा नवरा हसतो. केसांसाठी कोणी दवाखान्यात येते का, असा त्यांचा सूर असतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या स्त्रियांमध्ये मात्र ही तक्रार बऱ्याचदा दुसऱ्याच आजाराची खूण असते. म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका आणि परस्पर तेल-शाम्पू बदलून मोकळ्याही होऊ नका.

किती केस गळणे ठीक?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्यामुळे रोज 50 ते 100 केस जाणे नैसर्गिक आहे. चार दिवसांनी एकदम न्हाल्या तर चार दिवसांचे केस एकाच वेळी हातात येतात आणि जीव घाबरतो. मोजत बसू नका. वेणी पूर्वीपेक्षा बारीक झाली का, भांग रुंद दिसतो का, एखादी जागा उघडी पडली का, हे पाहा.

तीन महिने मागे जाऊन आठवा

मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, घरातला मृत्यू किंवा अचानक खूप घटलेले वजन, यांपैकी कशाचाही धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष नव्या साबणाला किंवा बोअरच्या पाण्याला जातो. गडचिरोलीत मलेरिया आजही आहे. पावसाळ्यात मलेरिया, डेंगू किंवा टायफॉइड झालेल्या बाईचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागतात ते यामुळे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठभर केस जाणेही याच प्रकारचे. बाळाला अंगावर पाजल्याने केस जातात हा गैरसमज आहे. पाजणे थांबवू नका. हे केस साधारण सहा महिने ते वर्षभरात परत येतात. या काळात बाळंतिणीचे जेवण मात्र तोडू नका. डाळ, अंडी, भाजी, तिला सगळे द्या.

रक्त कमी असणे

माझ्या मते आपल्या भागात सर्वात आधी पाहायची गोष्ट हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शरीरात लोह कमी पडले की ते आधी महत्त्वाच्या अवयवांकडे जाते आणि केसांचा नंबर शेवटी लागतो. सोबत दम लागणे, पायऱ्या चढताना धडधड, माती किंवा खडू खावासा वाटणे, नखे सपाट होऊन मध्ये खोलगट होणे असे काही असेल तर शंका पक्की होते.

पण लोह जाते कुठे? पुष्कळदा पाळीत. 1989 साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील 650 स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी पाळीबद्दल बोलायचा संकोच गेलेला नाही. केसांबद्दल बोलायला तेवढी लाज वाटत नाही, म्हणून ती तक्रार आधी तोंडातून निघते. तुमची पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, गाठी पडत असतील, तासा-दोन तासांत कापड किंवा पॅड बदलावे लागत असेल तर ते सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. दुसरे कारण आकडीकृमी. धानाच्या रोवणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्यांच्या पायातून हे जंत शिरतात आणि आतड्यात रक्त शोषत राहतात.

हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मोफत मिळतात. शक्य असल्यास फेरिटिन तपासा, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत घ्या. पोटात मळमळले तर जेवणानंतर चालेल, पण चहाच्या आगेमागे तासभर नको. शौचास काळे होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि बहुतेक जणी नेमक्या तेव्हाच सोडतात.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एक सावधगिरी जास्तीची आहे, ती सिकलसेलची. ज्यांना सिकलसेल आजार आहे, म्हणजे अहवालात 'एसएस' लिहिले आहे, त्यांचे रक्त लोहाच्या कमतरतेने नव्हे तर तांबड्या पेशी लवकर फुटल्याने कमी होते. वारंवार रक्त चढवलेले असेल तर शरीरात लोह आधीच जास्त असू शकते. त्यांनी लोहाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. मात्र 'एएस' म्हणजे वाहक असाल तर गोष्ट वेगळी. वाहकाला त्या कारणाने रक्तक्षय होत नाही, लोह कमी असेल तर गोळ्या घ्यायलाच हव्यात. "मी सिकलसेलवाली, मला गोळी चालत नाही" असे म्हणून वाहक बायका वर्षानुवर्षे रक्त कमी असताना काढतात, तेव्हा वाईट वाटते. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या आणि कार्ड जपून ठेवा.

इतर कारणे, थोडक्यात

थायरॉइड मंदावले की केस कोरडे होतात, वजन वाढते, थंडी वाजते. टीएसएच ही एक तपासणी पुरते. पाळी दोन-तीन महिने चुकणे, हनुवटीवर केस येणे, मुरुमे असे एकत्र दिसले तर पीसीओएसची शंका घ्यावी. भांग हळूहळू रुंद होत जाणे हा आनुवंशिक प्रकार आहे. त्यावर मिनॉक्सिडिल लावायला देतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, गुण यायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केले की फायदा जातो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने ते वापरू नये.

रुपयाएवढी गुळगुळीत टक्कल पडली तर ती चाई. तिथे कोणताही किडा केस खात नाही. पण टकलाजागी खपल्या, खाज आणि तुटके केस असतील, विशेषतः लहान मुलीला, तर तो बुरशीचा संसर्ग असतो. त्याला पोटातून औषध लागते. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने तो वरून दबतो आणि आतून पसरतो.

डोक्याचे केस शाबूत, पण भुवया विरळ होत असतील तर अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का ते पाहा. कुष्ठरोग आपल्या भागातून गेलेला नाही. वरोऱ्याजवळचे आनंदवन सर्वांना माहीत असते, पण आपल्या घरात असे काही असेल हे मनात येत नाही. औषध मोफत आहे आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नसा मात्र कायमच्या जातात.

डोक्यावरून मोळी किंवा पाण्याचे गुंड वाहणाऱ्यांचे माथ्यावरचे केस घासून तुटतात. चुंबळ मऊ आणि जाड करा, अंबाडा दाबाच्या जागी नको. घट्ट वेण्यांनी कपाळाजवळचे केस जातात, हे शाळकरी मुलींच्या आयांनी लक्षात ठेवावे.

उवा आणि कीटकनाशक

हा मजकूर कृपया पूर्ण वाचा. कापसावर फवारायचे औषध घरात असते आणि उवांनी त्रासलेल्या मुलीच्या डोक्याला ते चोळले जाते. हे विष कातडीतून रक्तात जाते. घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, श्वास अडकणे अशी लक्षणे येतात आणि मूल दगावू शकते. चुकून लावले गेले असेल तर कपडे काढा, साबणाने डोके व अंग धुवा, धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, आणि बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. 108 ला फोन करा. रॉकेलही नको, पेट घेते.

उवांवर परमेथ्रिन एक टक्का लोशन पुरेसे आहे. ओलसर केसांना लावून दहा मिनिटांनी धुवा, लिखांच्या फणीने विंचरा, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावा. पहिल्या वेळी लिखा उरतात, म्हणून दुसरी वेळ चुकवू नका. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा आणि ज्यांना उवा दिसतील त्यांचा उपचार एकाच दिवशी करा, आश्रमशाळेत एका खोलीतल्या मुलींचा. केस कापायची गरज नसते.

जट झाली असेल तर ती देवीची खूण नाही. न विंचरलेले केस, घाम, तेल आणि धूळ यांचा तो गुंता आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अनेक स्त्रियांच्या जटा त्यांना समजावून, त्यांच्या संमतीने काढल्या आहेत. मान दुखते, खाली उवा आणि जखमा होतात.

तेल, गोळ्या, रंग

मोहाच्या टोरीचे तेल असो की खोबरेल, केसाला बाहेरून मऊ ठेवते, तुटणे कमी करते. मुळाला त्याने खाद्य मिळत नाही. कोंडा असेल तर तेल उलट वाढवते. तेव्हा किटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवा. बायोटिनच्या गोळ्यांचा खप प्रचंड आहे, गरज फारच थोड्यांना असते. त्या घेत असाल तर रक्त तपासणीआधी सांगा, थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. काळा रंग किंवा काळी मेंदी लावण्याआधी थोडी कानामागे लावून 48 तास थांबा. चेहरा सुजून डोळे बंद झालेल्या बायका आमच्याकडे लग्नसराईत हमखास येतात.

शेवटी शेगावचे. डिसेंबर 2024 अखेर आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत अनेकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातून आलेल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. तुमच्या गावात एकाच वेळी अनेक घरांत केस गळू लागले तर शाम्पू बदलत बसू नका. आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, आणि घरातले धान्य व पाणी नमुन्यासाठी वेगळे काढून ठेवा.